खंडाळ्याच्या घाटातला ‘खेकडा’ टेबलावर आणायचा, तर रोटरी टूल कसं वापरायचं?

कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीला मागून जादा इंजिन लावलं जातं. कारण 1863 साली सुरू झालेल्या भोर घाटाच्या या मार्गावर काही ठिकाणी 1:37 इतका चढ आहे. म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी 1 मीटर वर चढते.

या घाटासाठी 1920च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारं एक खास इंजिन आलं, डब्ल्यूसीजी-1. पुढे-मागे लांब नाकं आणि मध्ये केबिन असलेल्या या इंजिनाला ‘क्रोकोडाइल’ म्हणत. त्याच्या कण्हण्यासारख्या आवाजामुळे ‘खेकडा’ हेही नाव पडलं.

तयार मॉडेलमध्ये बदल का करावे लागतात?

भारतीय इंजिनांची तयार मॉडेल्स बाजारात मोजकीच मिळतात. त्यामुळे हौशी मंडळी परदेशी मॉडेल घेऊन त्यात बदल करतात. खेकड्याला दिसायला जवळचं म्हणजे स्वित्झर्लंडचं क्रोकोडाइल. पण त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जादा आस असतो, तो आपल्या इंजिनाला नव्हता. तो काढायचा, नाकाचा आकार बदलायचा, दिव्यांसाठी भोकं पाडायची, तर रोटरी टूल हाताशी हवं.

हे यंत्र काम कसं करतं?

हातात मावेल एवढी मोटर आणि तिच्या टोकाला बदलता येणारं पातं, ड्रिल किंवा सँडिंगचं टोक, एवढंच हे यंत्र. अमेरिकेतल्या ड्रेमेल कंपनीमुळे अनेक जण त्याला ‘ड्रेमेल’च म्हणतात. मोटर मिनिटाला 30 हजारांहून जास्त फेरे घेऊ शकते. त्यामुळे काम वेगाने होतं, जोर लावावा लागत नाही.

गडबड इथेच होते. जास्त वेगात घर्षणाने प्लॅस्टिक तापतं आणि कापलं जाण्याऐवजी वितळतं. वितळलेला थर पात्याला चिकटतो आणि कड ओबडधोबड होते. म्हणून प्लॅस्टिकसाठी सगळ्यात कमी वेग ठेवावा, क्षणभर टेकवून उचलावं, पुन्हा टेकवावं. धातूच्या बॉडीसाठी कटिंग डिस्क लागते. ती कापताना तिरकी झाली तर तुटून तुकडे उडतात.

रेषेवरच कापायचं का?

नाही. आखलेल्या रेषेच्या थोडं बाहेर कापायचं आणि उरलेलं हाताने कानशीने घासायचं. लोकप्रिय एचओ मापात मॉडेल खऱ्या गाडीच्या 87व्या हिश्श्याचं असतं. मॉडेलवर 1 मिलिमीटर चुकलं, तर खऱ्या इंजिनावर ते जवळपास 9 सेंटीमीटर होतात. जास्त उरलेलं घासता येतं, जास्त कापलेलं भरून काढणं कठीण.

काळजी काय घ्यायची?

डोळ्यांवर गॉगल, नाकावर मास्क आणि मॉडेल शिकंजात घट्ट. सैल बाह्या, मोकळे केस आणि कापडी हातमोजे नकोत, ते फिरत्या टोकात अडकतात. टोक बदलताना प्लग काढलेलाच हवा.

मूळ इंजिन पाहायचं असेल, तर ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं डब्ल्यूसीजी-1 दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलं आहे. मोटर सुरू करण्याआधी त्याचे चारही बाजूंचे फोटो जमवून ठेवले, तर नेमकं काय कापायचं हे आधीच ठरतं.