वर्धाकांठचे रुपये



घरांतील वडील माणूस निवर्तल्यावर जुनी पेटी उघडली जाते आणि तळाशीं गांठ मारलेल्या फडक्यांत दहावीस रुपये निघतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. पुढें ते राखेनें घासले जातात, सराफाच्या तागडींत एकत्र पडतात आणि मोडीच्या भावानें जातात. कधीं याहून वाईट घडतें. निम्म्या चांदीचा रुपया जिवापाड जपला जातो आणि खरोखर दुर्मिळ असलेला मुशींत जातो.

राजुऱ्यास एका घरीं अशी पेटी मीं पाहिली. तींत दोन जातींचे रुपये मिसळलेले होते, आणि त्यांत नवल नव्हतें. राजुरा वर्धेच्या उजव्या अंगाला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. नदी ओलांडून बल्लारपुरास पोंचलें कीं १९४७ पर्यंत इंग्रजी मुलूख. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. बाजारहाटाला जाणाऱ्याच्या कनवटीस दोन्ही असत. सहा कलदारांस सात हाली, असा सरकारी दर होता.

आतां एक लहानसा हिशेब पाहा. कलदार रुपयाचें वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. चारमिनार छापाचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यांत हजारीं ८१८ भाग, म्हणजे सुमारें ९.१४ ग्रॅम चांदी. सहा कलदारांतील चांदी चौसष्ट ग्रॅम आणि सात हालींतीलही चौसष्टच! हाली रुपया कमअस्सल, असें नाक मुरडून म्हणणारे आजही भेटतात. त्यांनीं हें गणित एकदां करून पाहावें.

हाली ओळखणें सोपें आहे. चारमिनारच्या कमानींत एक फारसी अक्षर असतें: ‘मीम’ असेल तर महबूब अली खानाचा, ‘ऐन’ असेल तर १९११ सालीं गादीवर आलेल्या उस्मान अली खानाचा. साल हिजरी असतें. त्यास ०.९७ नें गुणून ६२२ मिळवावे. १३३० चा रुपया १९१२ च्या सुमाराचा ठरतो. चारमिनार नसून नुसतीं फारसी अक्षरें असतील, तर नाणें बहुधा अधिक जुनें. अशा कांहींवर ९२ हा आंकडा दिसतो. तें साल नव्हे, पैगंबरांच्या नांवाचें अक्षरमूल्य आहे.

कलदारावर साल इंग्रजी असतें, तरी तेथें फसगत अधिक. १८६२ सालचा राणीछाप रुपया तेंच साल ठेवून पुढें कित्येक वर्षें पाडला जात होता. तेव्हां साल जुनें म्हणून हुरळून जाऊं नये. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षीं छाप सुधारला. म्हणून त्या एका सालच्या रुपयास संग्राहक जादा मोल देतात. सहाव्या जॉर्जचे रुपये मात्र सावधपणें पाहावे. १९४० पासून त्यांत चांदी निम्मीच राहिली, पण वजन तेंच. तागडी येथें कांहीं सांगत नाहीं, सालच सांगतें. पूर्ण चांदीचा १९३९ चा रुपया फार विरळा असल्यामुळें १९३८ चा आंकडा कोरून त्याची नक्कल करतात. १९४७ चा वाघछाप रुपया तर निकेलचा.

त्या पेटींत सर्वांत अधिक रुपये १९१८ आणि १९१९ चे होते. पहिल्या महायुद्धांत लोक नोटा देऊन रुपये मागूं लागले आणि सरकारची चांदी सरत आली. तेव्हां अमेरिकेनें १९१८ च्या पिटमन कायद्यान्वयें सत्तावीस कोटींहून अधिक डॉलर वितळविले, आणि त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठीं ब्रिटिश सरकारला विकली. एका डॉलरांत २४ ग्रॅम शुद्ध चांदी. म्हणजे त्यांतून सव्वादोन रुपये निघत. राजुऱ्याच्या फडक्यांतील रुपयांत असा एखादा अमेरिकन डॉलर मुरला असण्याचा संभव बराच आहे! असे रुपये विपुल असल्यामुळें त्यांची किंमत मुख्यतः चांदीचीच: दिवसाचा ग्रॅमचा भाव गुणिले १०.६९, वजा झीज आणि सराफाची बट्टा-कटौती.

दुर्मिळ नाण्याचें मोल त्याच्या न झिजलेल्या अक्षरांत आणि काळवंडलेल्या रंगांत असतें, म्हणून राख, चिंच, पावडर कांहींही लावूं नये. गळ्यांतील हारासाठीं ज्याला कडी डाखली आहे, तो रुपया संग्राहकाच्या दृष्टीनें उणा, चांदीनें नव्हे. हार मात्र मोडूं नये, असें माझें मत. त्या घरीं आम्हीं रुपये सालवार लावले, कागदावर टिपले, आणि १९४० नंतरचे तेवढे निराळ्या पुडींत बांधले.

शेतांत नांगराला लागलेल्या हंड्याची गोष्ट निराळी. दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें तो कलेक्टरास कळवावा लागतो.