शेगडी रात्री दाराबाहेर



थंडी सुरू झाली की संध्याकाळी सात वाजताच वस्तीच्या पत्र्यांवर धूर उतरतो. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, बऱ्याच जणींच्या नावावर गॅसची जोडणी झाली. पण टाकी संपली आणि पगाराला आठ दिवस असले, की चूल पुन्हा पेटतेच. अंघोळीचे पाणी, भाकरी, बाळंतिणीचा शेक यांना तर गॅस असूनही लाकूड-कोळसा लागतो. म्हणून 'चूल वापरूच नका' असे सांगून मी मोकळी होणार नाही. जोवर विस्तव घरात आहे, तोवर तो कसा सांभाळायचा ते बोलू.

मी नर्स होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला होते. पहाटे रिक्षातून तिघींना आणले. बारा दिवसांची बाळंतीण, तिची तान्ही मुलगी आणि बाळंतिणीची आई. खोली दहा बाय दहाची. बाजेजवळ कोळशाची शेगडी. वारा लागू नये म्हणून खिडकीला गोधडी, दाराच्या फटीत चिंध्या. शेगडीकडे लक्ष राहावे म्हणून आई तिच्याशेजारीच जमिनीवर झोपलेली. पहाटे नळाला पाणी आले म्हणून शेजारीण उठवायला गेली. आतून कोणी ओ देईना, तेव्हा लोकांनी कडी तोडली.

बाळंतीण आणि मुलगी वाचल्या. आई गेली. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. भाऊ मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "सिस्टर, आग तर लागलीच नाही. मग झालं काय?"

झाले ते असे. कोळसा-लाकूड नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू जास्त तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. आपल्या रक्तात ज्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसतो, त्यालाच हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. ओले लाकूड निदान धूर करून, खोकला आणून जागे तरी करू शकते. लाल निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो.

ओळखायचे कसे? डोके ठणकते, गरगरते, मळमळते, पायांतले बळ जाते. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी असे होऊ लागले आणि मोकळ्या हवेत बरे वाटले, तर शिळे अन्न बाधले किंवा नजर लागली म्हणून बसू नका. दार-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, 108 ला फोन करा. दवाखान्यात पहिले वाक्य हेच सांगा: "बंद खोलीत शेगडी होती." कारण बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र या विषात फसते आणि आकडा चांगला दाखवते. तुमच्या त्या एका वाक्याने योग्य उपचार लवकर सुरू होतात.

बाळंतिणीच्या घरी शेक द्यायचाच असेल तर दिवसा द्या. दार-खिडकी उघडी ठेवा, जागे माणूस शेजारी असू द्या, तेवढा वेळ बाळाला दुसरीकडे न्या. बाजेखाली शेगडी नको. लोंबणारे पांघरूण कधी पेट घेईल सांगता येत नाही. बाळाला धुरी तर अजिबात नको, त्याची फुप्फुसे अजून कोवळी आहेत. रात्री ऊब हवी तर बाळाला टोपी-मोजे घाला. आई जागी असताना बाळाला तिच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्या, बाळाचे नाक-तोंड मोकळे ठेवा. आईच्या अंगाएवढी चांगली शेगडी दुसरी नाही.

धुराचे म्हणाल तर तो रोज थोडा थोडा मारतो. घरातल्या धुराने 2020 मध्ये जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक मुले होती. चुलीपुढे बसते बाई आणि तिच्या मांडीवर असते मूल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून चुलीची निगा अशी ठेवा:

• चूल शक्यतो बाहेर किंवा पडवीत मांडा. आत असेल तर समोरासमोर दोन वाटांनी हवा खेळली पाहिजे.

• लाकूड वाळलेले आणि बारीक फोडलेले वापरा. फसफसणारे, टोकाला पाणी सुटणारे लाकूड ओले समजा. सुतारकामातले प्लायवूडचे आणि रंगाचे तुकडे, प्लास्टिक, रबर, जुनी चप्पल चुलीत घालू नका. त्यांचा धूर विषारी असतो.

• रोज राख काढा. राख तुंबली की हवा अडते आणि धूर वाढतो. चुलीला भेग पडली की माती-शेणाने लिंपून घ्या.

• धुराड्याचा पाइप असेल तर महिन्यातून एकदा, चूल थंड असताना, दोरीला चिंध्या बांधून आतली काजळी काढा. साचलेली काजळी पेट घेते. पाइप छपराच्या वर निघालेला हवा. ताडपत्री आणि वासे त्याला टेकू देऊ नका.

• काढलेली राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, घराबाहेर, पूर्ण एक दिवस ठेवा. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा जिवंत असतो. कचऱ्याच्या ढिगावर टाकलेल्या राखेनेही वस्ती पेटू शकते.

• विझू लागलेल्या चुलीत रॉकेल ओतू नका. भडका उलटा अंगावर येतो.

• गॅसची टाकी आणि चूल एका कोपऱ्यात नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवरून सरपटत चुलीपर्यंत जातो.

• चुलीपुढे पदर खोचून बसा. नायलॉनची साडी नेसून बसू नका, ती वितळून कातडीला चिकटते.

भाजलेच तर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडा. बांगड्या-जोडवी सूज येण्याआधी काढा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावू नका. कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. दुसऱ्याने जाड सुती गोधडी किंवा घोंगडी टाकून विझवावे.

त्या भावाला मी त्या पहाटे एवढे सगळे सांगू शकले नाही. ज्या आईने लेकीला ऊब मिळावी म्हणून फटी बुजवल्या, तिची चूक कुठे होती? तिला हे कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून हे पान वाचून घडी घालून ठेवू नका. तुमच्या गल्लीत ज्या घरी बाळंतीण आहे, जिथे म्हातारी माणसे शेगडीशी झोपतात, तिथे आज जा आणि वाचून दाखवा. रविवारी विहारात बाया जमतील तेव्हा पुन्हा सांगा. बाकीचे विसरले तरी चालेल, एवढे लक्षात राहू द्या: दिवा मालवण्याआधी शेगडी दाराबाहेर.