शिकलेला हात पुन्हा शिकतो तेव्हा

हृदयाची झडप बदलायचे ठरले की नातेवाईकांचे प्रश्न बहुधा झडपेविषयीच असतात. धातूची की जैविक, किती वर्षे टिकेल, खर्च किती येईल? ती बसवणारा हात ही पद्धत कशी शिकला, हे क्वचितच कोणी विचारते. (विचारलेच, तर आम्हा डॉक्टर मंडळींना ते रुचतेच असे नाही.)

मिट्रल झडपेचा इतिहास पाहिला की हा प्रश्न किती रास्त आहे ते ध्यानात येते. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील ही झडप दोन पडद्यांची असते. पॅराशूटच्या दोऱ्यांसारखे चिवट तंतू त्या पडद्यांना खालच्या कप्प्यातील स्नायूंशी बांधून ठेवतात. अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी १९६० मध्ये कृत्रिम मिट्रल झडप यशस्वीपणे बसवली. त्या काळी जुनी झडप तंतूंसह समूळ कापून काढण्याची रीत होती. नवी झडप उत्तम चाले, तरीही काही रुग्णांचे हृदय शस्त्रक्रियेनंतर थकत जाई. १९६४ मध्ये वॉल्टन लिलेहाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले, की हे तंतू कापू नयेत. डाव्या कप्प्याचा आकार आणि आकुंचनाचा जोर टिकवण्यात त्यांचा वाटा आहे.

सूचना सोपी वाटते. पण ती रूढ होण्यास जवळजवळ दोन दशके लागली. ऐंशीच्या दशकात टोरांटोचे टिरोन डेव्हिड आणि इतरांनी ती पुन्हा उचलून धरली. विलंबाचे एक कारण निव्वळ हस्तकौशल्याचे होते. सारे कापून टाकले की समोर मोकळी जागा मिळते, टाके सरळ पडतात. राखलेला पडदा मात्र भलत्याच जागी लोंबला, तर नव्या झडपेची हालचाल अडते किंवा रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. त्यातून आपल्याकडे संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा पुष्कळ. त्यांतील तंतू जाड, आखूड, कधी चुना साचून कडक झालेले. काय राखावे आणि काय सोडावे, हे शोधनिबंध वाचून कळत नाही.

म्हणून आधी डुकराच्या हृदयावर सराव करतात, मग जाणत्या शल्यविशारदाला साहाय्य, आणि त्यानंतर जागांची अदलाबदल होते: शिकणारा मुख्य जागी, शिकवणारा समोर. अन्ननलिकेतून केलेला इको रुग्ण टेबलावर असतानाच निकाल सांगतो. वीस वर्षे एका पद्धतीने यश मिळवलेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी होऊन उभे राहणे, हा यातील सर्वांत अवघड भाग असावा. सुरुवातीस वेळही जास्त लागतो, आणि हृदय थांबवलेले असताना प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाला शल्यविशारदांनी आपणहून सांगितले, "दोन्ही पडद्यांचे तंतू राखून मी मोजक्याच शस्त्रक्रिया केल्या आहेत. त्या दिवशी माझे ज्येष्ठ सहकारी समोर असतील." मुलगा धास्तावून माझ्याकडे आला. "डॉक्टर, दुसरीकडे नेऊ या का?" मी म्हणालो, "नको. एवढे स्वच्छ सांगणारा माणूस सोडू नका." त्या रात्री मला मात्र नीट झोप लागली नाही. आता ते गृहस्थ रक्त गोठण्याच्या तपासणीचा कागद घेऊन दरमहा येतात, आणि माझ्या दवाखान्याचा जिना न थांबता चढतात.