खुर्चीच्या पाठीतलं लायर

१८०० नंतर अमेरिकेतल्या धनिकांना प्राचीन ग्रीसचं भलतंच वेड लागलं. न्यू यॉर्कचे फर्निचर कारागीर डंकन फाइफ खुर्चीच्या पाठीत चक्क लायर, म्हणजे ग्रीक तंतुवाद्य बसवायचे. वाजायचं नाही, नुसती शोभा! दिवाणखान्यात खरा वाजायचा तो पियानो, बहुधा घरातल्या मुलींच्या हातून. पुढे त्याच्या पेडलचा सांगाडाही लायरच्याच आकाराचा झाला.

१८०९ मध्ये वास्तुविशारद लॅट्रोब यांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांच्यासाठी व्हाइट हाउसचे दिवाणखाने सजवले. पियानो घेतला, ग्रीक घाटाच्या खुर्च्याही करवून घेतल्या. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी ती वास्तूच जाळली. त्याच युद्धात, पुढच्याच महिन्यात फ्रान्सिस स्कॉट की यांनी लिहिलेलं गीत आज अमेरिकेचं राष्ट्रगीत आहे. आणि गंमत म्हणजे त्याची चाल लंडनच्या हौशी संगीतप्रेमींच्या मंडळाची, ज्याचं नाव ठेवलं होतं ग्रीक कवी अनाक्रिऑनवरून!