बालला पुन्हा कोण मारतं?

'डायब्लो २'चा शेवटचा राक्षस म्हणजे बाल. लढायला उतरण्याआधी तो सिंहासनावर बसून एकामागून एक पाच टोळ्या अंगावर सोडतो. त्या संपल्या की हसत आतल्या दालनात निघून जातो आणि खरी झुंज तिथे होते. २००१ साली 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' हे एक्स्पान्शन आल्यापासून ऑनलाइन खेळणारी माणसं आठ-आठच्या गटाने या बालला मारत आली आहेत. तो मेला की बाहेर पडायचं, नवा गेम उघडायचा आणि पुन्हा त्याच सिंहासनापाशी जायचं. याला 'बाल रन' म्हणतात. कथा केव्हाच संपलेली असते आणि कुठून कोण येणार हे पाठ असतं. तरी २०२१ साली हाच गेम नव्या ग्राफिक्ससह 'रिझरेक्टेड' या नावाने आला, तेव्हा चाळिशीत पोचलेले लोक पुन्हा त्याच कामाला लागले.

आता दुसरं टोक पाहा. मे २०१२मध्ये आलेल्या 'डायब्लो ३'च्या पहिल्या चोवीस तासांत ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. दिसायला देखणा, हाताला मऊ, प्रत्येक फटक्याला वजन असलेला गेम. आणि काही महिन्यांत जुने दर्दी खेळाडू एकेक करून त्यातून उठून गेले. कंपनी तीच, राक्षस तेच, मग असं का व्हावं?

या जातीच्या गेमना अॅक्शन आरपीजी म्हणतात. पात्र निवडायचं, राक्षस मारायचे, त्यांच्याकडून पडलेली लूट अंगावर चढवायची आणि त्या जोरावर आणखी मोठे राक्षस मारायचे, एवढाच याचा गाभा. मूळ १९८०च्या 'रोग' या गेममध्ये सापडतं. त्यात चित्रं नव्हती, पडद्यावरची अक्षरं हेच राक्षस आणि त्याच भिंती. पण प्रत्येक वेळी तळघराचा नकाशा नवा तयार व्हायचा. पुन्हा खेळण्याची सोय म्हणून नंतर चिकटवलेली ही गोष्ट नव्हे, 'रोग'चा जन्मच त्यासाठी झाला होता. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ब्रेव्हिक यांना या घराण्यातल्या गेमचं वेड होतं. तिथल्याच माउंट डायब्लो या डोंगरावरून त्यांनी आपल्या गेमचं नाव घेतलं. त्यांचा 'डायब्लो' आधी बुद्धिबळासारखा आळीपाळीने चालणार होता. ब्लिझार्ड या कंपनीच्या आग्रहाखातर तो एका झटक्यात पळता केला गेला. १९९६-९७च्या सांध्यावर तो बाजारात आला आणि माउसच्या डाव्या बटणाची हाडं खिळखिळी झाली.

लूट पडते कशी, ते एकदा समजून घ्यायला हवं. राक्षस मेला की गेम आधी ठरवतो, काही पडणार की नाही. पडणार असेल तर कोणत्या प्रकारची वस्तू: तलवार, शिरस्त्राण की निव्वळ सोन्याची नाणी. मग दर्जा ठरतो. 'डायब्लो २'मध्ये ही तपासणी वरून खाली होते: युनिक आहे का? नाही, मग सेटमधली आहे का? तेही नाही, मग रेअर, मग मॅजिक. त्यानंतर त्या वस्तूवरचे गुण आणि त्यांचे आकडे पुन्हा फाशांवर. म्हणजे एका राक्षसामागे चार-पाच फासे टाकले जातात आणि सगळे एकाच वेळी मनासारखे पडणं फार दुर्मिळ. आधीच्या शंभर खेपा वाया गेल्या म्हणून एकशे एकावी खेप फळेल, असंही नाही. प्रत्येक खेप कोरी असते.

इथे स्किनर यांचं नाव घेण्याची पद्धत आहे. बक्षीस कधी मिळेल याचा अंदाज नसला की प्राणी कळ दाबतच राहतो, हे त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवून दिलं होतं. जुगाराच्या यंत्रांबाबत हे लागू पडतंच, लुटीबाबतही पडतं. पण माझ्या मते त्याने अर्धंच उत्तर मिळतं. माणूस रात्री दोनपर्यंत का जागला, हे त्यातून समजतं. दहा वर्षांनी तोच गेम पुन्हा शून्यापासून का सुरू करतो, हे समजत नाही. फासे तर 'डायब्लो ३'मध्येही होतेच की!

उत्तर दुसरीकडे आहे, आणि ते थोडं त्रासदायक आहे. 'डायब्लो २'मध्ये घेतलेला निर्णय पुसता येत नसे. दर लेव्हलला एक स्किल पॉइंट मिळतो. ९९ लेव्हलचे ९८ आणि कथेतल्या कामगिऱ्यांचे १२, असे उभ्या आयुष्यात ११० पॉइंट. एका स्किलमध्ये जास्तीत जास्त वीस टाकता येतात आणि प्रत्येक वर्गाकडे तीस स्किल. शिवाय २००३च्या १.१० या पॅचनंतर एका स्किलमधले पॉइंट दुसऱ्याला बळ देऊ लागले, त्यामुळे चार ठिकाणी हात मारण्याची सोय आणखीच कमी झाली. बर्फाची चेटकीण म्हणून वाढवलेलं पात्र आगीची चेटकीण होऊ शकत नसे. आग हवी? मग नवं पात्र, पहिली लेव्हल, हातात काठी. पॉइंट परत घेण्याची मुभा आली ती २०१०मध्ये, म्हणजे गेम येऊन दहा वर्षं झाल्यावर. तीही मोजकीच.

ऐकायला हा जाच वाटतो, आणि पहिल्या खेपेला तो असतोच. चुकीचे पॉइंट टाकलेलं पात्र 'हेल' या तिसऱ्या काठिण्यपातळीवर अडकलं की चिडचिड होते. पण त्याच जाचामुळे पुन्हा सुरू करायला कारण मिळत होतं. तुमची दोन पात्रं एकमेकांपासून खरोखर वेगळी होती, कारण दोघांनी वेगळ्या गोष्टी गमावल्या होत्या.

लुटीचंही तसंच. गेममध्ये 'रून' नावाचे ३३ जादुई खडे आहेत, एलपासून झॉडपर्यंत. जाह, इथ आणि बेर हे तीन याच क्रमाने तीन भोकांच्या चिलखतात बसवले की 'एनिग्मा' तयार होतं आणि कोणत्याही वर्गाचं पात्र डोळ्याचं पातं लवेपर्यंत इथून तिथे उडी घेऊ लागतं. इथ कुठेही सापडतो. जाह आणि बेर अनेकांना जन्मभर दिसत नाहीत. मग देवघेव सुरू होते. या गेममधल्या सोन्याला कोणी विचारत नसे. खेळाडूंनी आपणहून 'स्टोन ऑफ जॉर्डन' ही अंगठी चलन म्हणून स्वीकारली: लहान, एका खणात मावणारी, सगळ्यांना हवीशी. चलन आलं तसे खोटी नाणी पाडणारेही आले. गेममधल्या त्रुटी वापरून अंगठीच्या नकला काढल्या जाऊ लागल्या. पुढे निर्मात्यांनी अशी व्यवस्था केली की सर्व्हरवर पुरेशा अंगठ्या दुकानदाराला विकल्या गेल्या की डायब्लोचा महाबलाढ्य अवतार प्रकटायचा. त्याला मारलं की दुर्मिळ ताईत मिळायचा आणि त्या बदल्यात बाजारातल्या अंगठ्या तेवढ्या कमी व्हायच्या. चलनफुगवट्यावर इतका मनोरंजक इलाज कोणत्याही रिझर्व्ह बँकेला सुचलेला नाही.

'डायब्लो ३' बनवणाऱ्यांनी हे सगळं पाहिलं आणि एकेक काटा नीट वेचून काढला. स्किल केव्हाही बदला, काही खर्च नाही. म्हणजे प्रत्येक वर्गाचं एक पात्र झालं की दुसरं करण्याची गरजच संपली. देवघेवीत फसवाफसवी होते? मग अधिकृत लिलावघर घ्या, गेममधल्या सोन्याचं आणि खऱ्या पैशांचंही. एका वस्तूची कमाल किंमत २५० डॉलर. दिसायला दोन्ही गोष्टी खेळाडूच्या सोयीच्याच.

पण 'इन्फर्नो' या सर्वांत कठीण पातळीवर जाऊन पाहा, म्हणजे घोळ लक्षात येतो. दुसऱ्या अंकातल्या वाळवंटात गांधीलमाश्यांचा एक थवा पात्राला क्षणात लोळवायचा. त्यांच्यापुढे टिकेल असं चिलखत स्वतःच्या लुटीत मिळण्याची शक्यता नगण्य, कारण जगभरातली लूट लिलावात येणार हे गृहीतच होतं. मग माणूस करणार काय? राक्षस मारून सोनं गोळा करायचं आणि लिलावघरात जाऊन चिलखत विकत घ्यायचं. सगळ्यांत उत्कंठेचा क्षण, राक्षसाच्या प्रेतातून काहीतरी चमकत पडण्याचा, तोच गेममधून काढून एका यादीत नेऊन ठेवला. यादीत किंमत, उतरता क्रम, खरेदीचं बटण. हातातली गोष्ट आपल्याला सापडलेली नाही, हे खेळणाऱ्याला सतत जाणवत राहायचं.

त्यात एकट्याने खेळायचं तरी इंटरनेट हवंच, ही अट. पहिल्या दिवशी सर्व्हर कोलमडले आणि 'एरर ३७' हा विनोदाचा विषय झाला. आपल्याकडे २०१२च्या ब्रॉडबँडवर, परदेशातल्या सर्व्हरशी बोलत 'हार्डकोअर' खेळणं म्हणजे तर धाडसच होतं. त्या प्रकारात पात्र मेलं की कायमचं मेलं. राक्षसाने मारलं तर एक वेळ चालतं, राउटरने मारलं तर कोणाकडे दाद मागायची?

ब्लिझार्डचं मोठेपण असं की त्यांनी चूक निस्तरली. १८ मार्च २०१४ला लिलावघर बंद झालं. त्याच सुमारास लुटीचे नियम बदलले: कमी पडेल, पण तुमच्या वर्गाच्या कामाचं पडेल. आठवड्याभरात 'रीपर ऑफ सोल्स' हे एक्स्पान्शन आलं, कथा पुन्हा न चघळता थेट भटकंती करायची सोय आली आणि गेम खरोखर जिवंत झाला. तरी एक दोष उरला, तो शेवटपर्यंत. पात्राची ताकद सहा-सहा वस्तूंच्या ठरावीक संचांमध्ये कोंबली गेली. संच पुरा झाला की मारा हजारो टक्क्यांनी वाढायचा, तो नसेल तर काहीच चालायचं नाही. पडद्यावर अब्ज-खर्वांचे आकडे उडायचे, आणि कोणती वस्तू घालायची हे गेमनेच ठरवून दिलेलं असायचं. एक शनिवार-रविवार अप्रतिम, सोमवारी करण्यासारखं काही नाही.

मग पुन्हा खेळायला लावायचं कसं? यावर या जातीने शोधलेलं उत्तर म्हणजे सीझन. 'डायब्लो २'च्या अधूनमधून नव्याने सुरू होणाऱ्या 'लॅडर' स्पर्धेत हे बीज होतं. ऑकलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१३च्या 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये त्याचं शास्त्र केलं. साधारण तीन-चार महिन्यांनी नवी लीग, सगळे शून्यावर, बाजार कोरा, आणि त्या लीगपुरती एखादी नवी खेळपद्धत. २०१४च्या ऑगस्टपासून 'डायब्लो ३'नेही हाच कित्ता गिरवला. पहिल्या आठवड्यात फाटकी ढालसुद्धा मोलाची वाटते, कारण शेजाऱ्याकडे तीही नसते. टंचाई कृत्रिम आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणाचीच हरकत नसते.

'पाथ ऑफ एक्झाइल'ची खरी करामत मात्र चलनात आहे. मूळ गेममध्ये सोन्याची नाणीच नव्हती. देवघेव ज्या जादुई गोळ्यांनी व्हायची, तेच गोळे वस्तूचे गुण बदलायलाही लागायचे. खर्च करायचं की साठवायचं, हा पेच प्रत्येक वेळी नवा. 'डायब्लो ३'ला लाखो डॉलर ओतून जे जमलं नाही, ते इथे एका कल्पनेने साधलं.

२०२३च्या जूनमध्ये आलेला 'डायब्लो ४' या दोन्ही घराण्यांतून उसनवारी करतो आणि सुरुवातीला दोन्हीकडे कमी पडला. राक्षस तुमच्याबरोबरच लेव्हल वाढवत राहायचे, त्यामुळे बळ वाढल्याचं समाधान हुलकावणी द्यायचं. वस्तूंवर इतके बारीकसारीक गुण असायचे (लांबच्या शत्रूला इतके टक्के, गारठलेल्याला तितके) की लूट तपासणं म्हणजे वीजबिल वाचणं. पहिल्या सीझनच्या तोंडावर आलेल्या पॅचने सगळ्याच वर्गांचं बळ घटवलं आणि खेळाडू भडकले. मे २०२४च्या चौथ्या सीझनमध्ये गुण कमी केले, हाताने वस्तू घडवण्याची सोय दिली आणि गाडी रुळावर आली. या मालिकेतला हा शिरस्ताच आहे: तिसरा भाग दोन वर्षांनी सुधारला, चौथा एका वर्षाने. नवा भाग पहिल्या दिवशी विकत घेणं हे त्यामुळे मला भक्तीचं लक्षण वाटतं, शहाणपणाचं नव्हे.

सध्याचा वाद कथेवर येऊन ठेपला आहे. 'डायब्लो ४' म्हणतो, एकदा पूर्ण केलीत ना, आता वगळा. 'पाथ ऑफ एक्झाइल' म्हणतो, प्रत्येक लीगला, प्रत्येक पात्राने, दहाही अंक चालायचेच. डिसेंबर २०२४मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये आलेला त्याचा दुसरा भाग तर आणखी संथ आणि आणखी कठोर आहे. त्यातले बॉस पहिल्या तासापासून लोळवतात. पहिल्यांदा खेळताना त्यासारखं काही नाही. तिसऱ्या पात्राला तोच चिखल तुडवायला लावला की मात्र खेळाडू कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर रास्त आहे.

तरी माझं मत कथा वगळू न देण्याकडे झुकतं. वगळलेल्या पात्राला लहानपण नसतं. ते थेट भरगच्च शस्त्रांसह शेवटच्या फेऱ्यांत उतरतं आणि पाचेक दिवसांत संपतं. पण मग तो रस्ता दर वेळी थोडा वेगळा असायला हवा: एखादी भेट टळावी, एखादा नकाशा उलटा लागावा, एखादा अंक निवडता यावा. 'रोग'ने हे अक्षरांच्या भिंतींनी केलं होतं. शेकडो माणसांच्या आजच्या स्टुडिओंना ते परवडत नाही, कारण हाताने रंगवलेला, आवाज दिलेला प्रत्येक प्रसंग महाग असतो आणि महाग प्रसंग प्रत्येकाला दाखवावासा वाटतो.