भरतीची धाव आणि दुखरे गुडघे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की पंधरा-वीस दिवसांत माझ्या दवाखान्यात गुडघे धरून येणाऱ्या तरुणांची गर्दी वाढते. मागे असाच एक मुलगा वडिलांबरोबर आला. मैदानी चाचणीला सहा आठवडे उरले होते. वर्षभर अभ्यासिकेत बसून काढल्यावर १६०० मीटरच्या तयारीसाठी या पठ्ठ्याने डांबरी रस्त्यावर रोज आठ किलोमीटर धावायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गुडघे दुखू लागले. पडला नव्हता, मुरगळले नव्हते, सूजही नव्हती. जिना उतरताना आणि उकिडवे बसताना वाटीच्या मागे कळ यायची. तासभर बसून उठले की पहिली चार पावले टाकवत नसत. वडिलांना एकच घोर, "डॉक्टरसाहेब, वाटी झिजली का? फोटो काढायचा का?"

फोटोची गरज नव्हती. अशा दुखण्यात एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकत असते. धावताना दर पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. तो सोसायची सवय गुडघ्याला होते, पण सावकाश. दम लवकर वाढतो, स्नायू आणि हाडे मागे राहतात, आणि मुलगा दमाच्या भरवशावर अंतर वाढवत जातो. मांडीचे व कुल्ल्याचे स्नायू कच्चे असतील तर भर आणखी पडतो. धावण्याने गुडघे झिजतात हा समज मात्र काढून टाका. बेताने धावणाऱ्यांचे गुडघे न धावणाऱ्यांपेक्षा अधिक झिजल्याचे दिसलेले नाही.

पूर्वी मीही अशा मुलांना सरसकट महिनाभर सक्तीची विश्रांती सांगत असे. ते चुकत होते. बसून दुखणे थांबते, पण स्नायू आणखी ढिले पडतात आणि मैदानावर उतरताच दुखणे परत हजर! म्हणून आता धावणे बंद करत नाही, कमी करतो. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. दोन-तीन गुणांपर्यंत दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले, तर तेवढे धावणे चालेल. त्याहून जास्त दुखले तर अंतर घटवा.

या मुलाला मी मातीच्या मैदानावर एक दिवसाआड धावायला सांगितले : एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे. पावले लांब न टाकता आखूड आणि भरभर टाकायची. आठवड्यातून तीन दिवस व्यायाम : भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, पायरीवर एका पायाने हळू चढणे-उतरणे. खरे औषध हेच, पण गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. लोकांना हेच पटत नाही, गोळी पटते. गोळी खाऊन धावू नका. दुखणे झाकले जाते, भार तसाच राहतो. दहा-पंधरा मिनिटे फडक्यात गुंडाळून बर्फ लावल्यास बरे वाटते, इतकेच. मेडिकलमधला गुडघ्याचा पट्टा व्यायामाची जागा घेत नाही.

गुडघा सुजला, अडकला, अचानक दगा देऊ लागला, रात्री ठणकू लागला किंवा ताप आला, तर घरी व्यायाम करत न बसता डॉक्टरांना दाखवा. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, तर धावणे लगेच थांबवा. तिथे हाडाला बारीक चीर असू शकते. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत वाटीखालचे हाड पुढे येऊन दुखते. ते वाढीच्या वयाचे दुखणे आहे, बहुतेक वेळा वयाबरोबर जाते.

चाचणीच्या आदल्या दिवशी तो मुलगा पुन्हा आला. दुखणे दहातले दोन. "धावू का?" धाव म्हणालो. वडील बाहेर मोटारसायकल सुरू करूनच उभे होते.