प्रिंटर जुना झाला. शाई भरायची की यंत्रच बदलायचे?

कन्नड, प्रतिनिधी - जून उजाडला की तालुक्याच्या गावात कागदाला एकाएकी भाव येतो. शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश, उत्पन्नाचे व जातीचे दाखले, पीककर्जासाठी लागणारा सातबारा अशी सारी कामे एकाच पंधरवड्यात दाराशी येतात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविम्याचे अर्ज भरले गेले, जुलै २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे अर्ज आले. सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या. सरकारी कारभार ऑनलाइन झाला तरी कागद संपलेला नाही. मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावर मिळू लागला. पण तो बँकेत द्यायचा तर बहुतेक वेळा छापूनच न्यावा लागतो. आणि नेमक्या याच दिवसांत उन्हाळाभर झाकून ठेवलेला इंकजेट प्रिंटर पांढऱ्या रेघा ओढू लागतो.

अशा वेळी पुढे दोन वाटा असतात. दीडशे-दोनशे रुपयांत कार्ट्रिजमध्ये शाई भरून घ्यायची, किंवा जुन्या यंत्राला निरोप द्यायचा. कन्नडपासून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर. सुट्या भागासाठी एक फेरी मारली तरी दिवस मोडतो. म्हणून निर्णयापूर्वी यंत्राच्या पोटात काय घडते, हे जाणून घेतलेले बरे.

इंकजेटची शाई म्हणजे मुख्यतः पाणीच; त्यात रंगद्रव्य आणि ती चटकन वाळू नये म्हणून ग्लायकॉलसारखे द्रव मिसळलेले असतात. ती केसाहूनही बारीक अशा शेकडो छिद्रांतून कागदावर फेकली जाते. एचपी आणि कॅनन यांच्या यंत्रांत प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. तो सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरता तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा उठतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. एपसनच्या यंत्रांत उष्णता नसते. तेथे विजेच्या दाबाने आकार बदलणारा पिझो स्फटिक थेंब दाबून काढतो. बुडबुड्याची कल्पना १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत सुचली. तापलेली सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली, असे सांगितले जाते. पुढे त्याच सिरिंजने लोक याच कंपन्यांची कार्ट्रिजे भरू लागले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

यंत्र वापरात नसेल तेव्हा ही छिद्रे रबराच्या टोपीखाली झाकलेली असतात. प्रिंटरचे स्वतःचे बटण दाबून तो बंद केला, तरच हेड आपल्या जागी जाऊन टोपी घालून घेते. छपाई चालू असताना वीज गेली, किंवा भिंतीवरचेच बटण बंद केले, तर हेड वाटेत उघडेच राहते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातील किती प्रिंटर अशा रीतीने निकामी झाले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्यात एप्रिल-मे महिन्यांची कोरडी हवा. छिद्राच्या तोंडाशी शाईची खपली धरायला थोडे दिवस पुरतात. आठवड्यातून एक रंगीत पान छापणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता शाई भरण्याविषयी. एचपी व कॅननच्या घरगुती प्रिंटरमध्ये छपाईचे हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. कार्ट्रिज बदलले की हेडही नवे मिळते. म्हणून ते महाग असते आणि म्हणूनच ते पुन्हा भरावेसे वाटते. आत स्पंज असतो. वरचे लेबल सोलले की बारीक भोके दिसतात. रंगीत कार्ट्रिजमध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन कप्पे असतात आणि त्यांची जागा प्रत्येक नमुन्यात वेगळी असू शकते. म्हणून आधी टूथपिक बुडवून कोणत्या भोकात कोणता रंग आहे, ते पाहावे लागते. शाई सावकाश, दोन-चार मिलिलिटरच सोडायची. घाईने सोडल्यास स्पंजमध्ये हवा अडकते. जास्त झाली तर शेजारच्या कप्प्यात उतरून पिवळ्याचा हिरवा होतो. मग खालच्या छिद्रांना रिकामी सिरिंज लावून अडकलेली हवा ओढून काढावी आणि ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडावर कार्ट्रिज टेकवून पाहावे. तीन रंगांचे तीन स्वच्छ पट्टे उमटले, तर काम जमले. तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावू नये. हेड अगदीच तुंबले असेल तर कोमट पाण्याने भिजवलेल्या टिश्यू पेपरवर ते काही मिनिटे ठेवल्याने बरेचदा मोकळे होते.

भरलेले कार्ट्रिज किती वेळा चालेल? शाई संपेपर्यंत ते किती रिकामे चालवले गेले, यावर उत्तर अवलंबून असते. तापकाला थंड ठेवण्याचे कामही शाईच करते. ती नसताना छपाई चालू ठेवली की तापक जळतो. मग कितीही शाई भरली तरी ती छिद्रे पुन्हा बोलत नाहीत. अक्षरे फिकी होताच थांबून भरणारा माणूस एका कार्ट्रिजकडून चार-पाच फेऱ्या सहज काढतो. शेवटचा थेंब पिळणाऱ्याला पहिल्याच फेरीत दुकानदाराशी भांडावे लागते, आणि त्यात दुकानदाराचा दोष असतोच असे नाही.

शाईचा प्रकारही पाहिला पाहिजे. काही शाया पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाच्या असतात, तर काहींत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. त्यांना पिगमेंट म्हणतात. या दोन्ही एकत्र आल्या तर गुठळी होऊन हेड बंद पडू शकते. शिवाय विरघळणाऱ्या रंगाच्या शाईने छापलेला कागद भिजला की अक्षरे पसरतात. पावसात मोटारसायकलवरून खिशात सातबारा नेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. त्याच्यासाठी काळी शाई पिगमेंटची हवी.

यंत्र बदलायचे की नाही, हे पानांच्या संख्येवर ठरते. उदाहरणादाखल, ४८० पानांचे कार्ट्रिज ९०० रुपयांना आहे असे समजू. (पानांचे हे दावे आयएसओच्या चाचणी पद्धतीवर बेतलेले असतात, काळ्या मजकुरासाठी पानावर सुमारे पाच टक्के शाई गृहीत धरली जाते. ठळक शीर्षके किंवा आधार कार्डाची रंगीत प्रत असेल तर हिशेब कोलमडतो.) दिवसाला ३० पाने छापणाऱ्या केंद्राची ३०० दिवसांत ९,००० पाने होतात. नवी कार्ट्रिजेच घेतली तर सुमारे १७,००० रुपये लागतील. प्रत्येक कार्ट्रिज १५० रुपयांत चार वेळा भरून घेतले तर खर्च सहा हजारांच्या आत येतो. इंक टँक प्रिंटरला मात्र साडेचार हजार पानांच्या दोनच बाटल्या पुरतात. बाटली ३५० रुपयांची धरली तर ७०० रुपये. टँकचे यंत्र आठ हजारांनी महाग मानले, तरी शाई भरत राहणाऱ्या केंद्राचीही ही जादा रक्कम दीड-पावणेदोन वर्षांत वसूल होते. महिन्याला ३० पाने छापणाऱ्या घराला तीच रक्कम वसूल करायला सुमारे १२ वर्षे लागतील. तोवर यंत्र टिकेल का, हा प्रश्नच आहे.

टँक प्रिंटर आले, त्यामागेही शाई भरणाऱ्या ग्राहकांचाच रेटा होता. आशियातील अनेक देशांत कारागीर प्रिंटरच्या बाजूला बाटल्या बसवून नळीने शाई पुरवीत. २०१० मध्ये एपसनने इंडोनेशियात स्वतःच टाकीचा प्रिंटर आणला, पुढे तो भारतात आला. कॅनन आणि एचपीही मागाहून त्या वाटेने आले. त्यापूर्वी आणि नंतरही कार्ट्रिजवरून झगडा चालूच राहिला. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी इतर कंपन्यांच्या चिपची कार्ट्रिजे अचानक नाकारली आणि ग्राहकांच्या संतापानंतर कंपनीला काही यंत्रांसाठी माघारीची सोय द्यावी लागली. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या खटल्यात, एकदा कार्ट्रिज विकले की त्यावरील पेटंटचा हक्क संपतो, असा निकाल दिला. खरेदीपूर्वी एवढे जरूर विचारावे, की या यंत्रात बाहेरची शाई चालते का आणि तशी वापरल्यास वॉरंटीचे काय.

टँक प्रिंटर म्हणजे चिंता मिटली असेही नाही. अनेक नमुन्यांत त्याचे हेड यंत्रात पक्के बसलेले असते. ते बिघडले तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो. हेड साफ करण्याच्या प्रत्येक फेरीत वाया जाणारी शाई खालच्या पॅडमध्ये मुरते. ठरावीक मोजणीनंतर यंत्र स्वतःच अडून बसते. सॉफ्टवेअरने ती मोजणी शून्यावर आणून देणारे पुष्कळ आहेत. पॅड न बदलता असे केले तर काही महिन्यांनी शाई टेबलावर वाहू लागते. क्वचितच आणि फक्त काळे छापणाऱ्याला लेसर प्रिंटर सोयीचा, कारण टोनरची पूड वाळत नाही. पण तो तापताना बरीच वीज एकदम ओढतो. घरच्या लहान इन्व्हर्टरला ते झेपत नाही, याउलट इंकजेट त्यावर निर्धास्त चालतो.

जुन्या यंत्राचा फीडर कागद ओढत नसेल, तर आधी रबरी रोलर ओल्या कापडाने पुसून पाहावा. अनेकदा एवढेच कारण असते. हेड नवे कार्ट्रिज घालूनही रेघा ओढत असेल, चालू संगणकासाठी ड्रायव्हर मिळत नसेल, किंवा वर्षभराच्या शाईचा खर्च नव्या यंत्राइतका होत असेल, तर मात्र बदलणेच शहाणपणाचे. टाकून देताना ते भंगारात देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज या दोहोंचा समावेश आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जावेत, अशी अपेक्षा आहे. स्कॅनर असलेले यंत्र देण्यापूर्वी झाकण उघडून काचेवर कोणाचे आधार कार्ड राहून गेले नाही ना, तेही पाहून घ्यावे.